बायकोची एंट्री

विनोदी नाटक लिहायला लागतं तरी काय? एक दिवाणखाना, तीन खुर्च्या, एक दार आणि माझ्यासारखा माणूस! असं मी ऑफिसच्या नाट्यमंडळात सगळ्यांसमोर बोलून गेलो आणि तिथेच अडकलो. विनोदी एकांकिकांची स्पर्धा महिन्यावर आली होती आणि मंडळाकडे नाटकच नव्हतं.

नाटक मी बायकोसाठी लिहायचं ठरवलं. लग्नाआधी ती रंगमंचावर आली की लोक खुर्चीत पुढे सरकून बसायचे म्हणे. लग्नानंतर सोळा वर्षांत तिने एकदाही तोंडाला रंग लावला नव्हता. तिला नाही कोणीच म्हटलं नव्हतं. फक्त दर वेळी माझं काहीतरी निघायचं. तेव्हा मी म्हटलं, आता बास, हे नाटक तुझं. ती इतकी खूश झाली, की त्या दिवशी मला माझाच अभिमान वाटला.

पण लिहिता लिहिता नवऱ्याचं काम हाताबाहेर वाढत गेलं. ते काम मीच करणार होतो, हा निव्वळ योगायोग. बायकोने संहितेच्या चार प्रती स्वतःच्या हाताने उतरवून काढल्या. शेवटची प्रत टेबलावर ठेवत तिने शांतपणे विचारलं, "माझी वाक्यं अकराच आहेत ना?"

"अगं, पण एंट्री बघ कसली आहे!" मी म्हटलं.

एंट्री खरंच चांगली होती. नवऱ्याने ऑफिसात आपण अविवाहित असल्याचं सांगितलंय. साहेब अचानक घरी टपकतात. घरात दुसरं कोणी नाही ना, असं विचारतात. नवरा म्हणतो, कोणी नाही, साहेब, मी एकटाच. आणि त्याच क्षणी आतलं दार उघडून बायको बाहेर येते. आमचे दिग्दर्शक म्हणजे ऑफिसातले निवृत्त हेडक्लार्क. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. ते बायकोला रोज तालमीत बजावायचे, काहीही होवो, दारातूनच यायचं. भिंतीतून माणूस येत नाही.

दाराचं काम बायकोच्या मामांकडे दिलं. मामा चाळीस वर्षं सुतारकाम करतायत. मी त्यांना समजावून सांगितलं की तासाभरापुरतं खोटं दार हवंय, प्लायवूडचं चालेल. मामांनी रंधा खाली ठेवला.

"जावईबापू, मी आजवर खोटं दार केलेलं नाही. आता या वयात करणार नाही."

आणि त्यांनी खरंच दार केलं. जाड लाकडाचं, चौकटीसकट, पितळी कडी लावून. ते उचलायला चार माणसं लागली. मामांनी ते लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट मारून रंगमंचाच्या फळ्यांना पक्कं केलं. दोन्ही बाजूंना आमच्या कापडी भिंती होत्या, निळ्या रंगाच्या. त्या चौकटीला सुतळीने बांधल्या होत्या.

प्रयोग दुपारी चारचा होता. सकाळी लाइट लावून बघितलं तर निळ्या भिंतींत ते कोरं लाकूड अगदीच उघडं दिसत होतं. मी ऑइलपेंटचा डबा आणला आणि दाराला एक हात दिला. समाधान होईना, म्हणून दुसरा दिला. चौकटीच्या फटीसुद्धा सोडल्या नाहीत. मग दार नीट लावून घेतलं आणि वाळत ठेवलं. मामांना विचारायचं मला काही सुचलं नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी स्टोअरकीपरांनी, म्हणजे आमच्या नाटकातल्या साहेबांनी, विचारलं, "घरात दुसरं कोणी नाही ना?"

"कोणी नाही, साहेब," मी म्हणालो, "मी एकटाच."

दार हललं नाही. पलीकडून धक्का मारल्याचा आवाज आला. मी म्हटलं, वारा सुटलाय. तेवढ्यात पलीकडून बारीक आवाजात ऐकू आलं, "अहो, दार चिकटलंय."

स्टोअरकीपर सरळमार्गी माणूस. या वाक्यानंतर बाई येतात एवढंच त्यांना पाठ होतं. बाई आल्या नाहीत, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं, घरात दुसरं कोणी नाही ना. मी पुन्हा म्हटलं, मी एकटाच. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी माझ्या डोक्यातलं सगळं नाटक पुसलं गेलं. स्वतः लिहिलेलं एकही वाक्य आठवेना. समोर चारशे माणसं, पहिल्या रांगेत परीक्षक, त्यांच्या शेजारी इस्त्रीचा शर्ट घालून मामा.

मग दारामागून माझी बायको बोलली. चार वेळा उतरवून तिला सगळं नाटक पाठ झालं होतं, माझ्यासकट.

"म्हणा, साहेब, तुम्ही बसा."

"साहेब, तुम्ही बसा," मी म्हटलं.

साहेब बसलेलेच होते. ते उठले आणि परत बसले. प्रेक्षकांत पहिला हशा आला. पुढची पाच मिनिटं ती मागून सांगत होती आणि मी पुढे म्हणत होतो. "मला विचारल्याशिवाय या घरात पान हलत नाही," हे वाक्यसुद्धा मी तिला विचारूनच म्हटलं. त्याला टाळ्या पडल्या.

पण डोक्यात एकच घोळत होतं. सोळा वर्षांनी ती रंगमंचावर येणार होती आणि मी तिला दारामागे रंगवून बंद केलं होतं. मला राहवेना. मी सरळ कडी धरली, पाय चौकटीला लावला आणि ओढलं. स्टोअरकीपरांनी मला कमरेला धरून मागून जोर लावला. पहिल्या रांगेतून मामा उभे राहिले आणि म्हणाले, कडीला हात लावू नका, वाकेल.

कडी वाकली नाही. दारही उघडलं नाही. सुतळ्या तुटल्या. डावी भिंत मागे पडली, उजवी स्टोअरकीपरांवर पडली. मधोमध ते निळं दार तेवढं ताठ उभं राहिलं.

आणि दारामागे माझी बायको. नटूनथटून उभी, सगळ्या थिएटरला दिसत होती. दोन्ही बाजूंना मोकळं मैदान. मास्तर विंगेतून हातवारे करून बाजूने या, बाजूने या, म्हणत होते. बायकोने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, पदर सावरला आणि दार ठोठावलं.

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "कोण आहे?"

"मी. तुमची बायको."

कापडाखालून स्टोअरकीपरांचा आवाज आला, "पण तुम्ही तर एकटेच आहात म्हणालात!" हे वाक्य संहितेतलं होतं.

लोक इतके हसले की माझं पुढचं वाक्य मलाच ऐकू आलं नाही. बायको मात्र थांबली. हशा चढू दिला, उतरू दिला, पुरता खाली आल्यावर मग बोलली. कुठे थांबायचं ते तिला सोळा वर्षांनीही माहीत होतं. मी बघत राहिलो आणि मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. एवढी बाई मी घरात बसवून ठेवली होती.

शेवटी मामा वर आले. खिशातून पटाशी काढली, फटीतून एकदा फिरवली आणि दार एका बोटाने उघडलं. बायको दारातून आत आली. टाळ्या थांबेनात. तिथून पुढे नाटक तिचंच होतं. अभिनयाचं पहिलं बक्षीस तिला आणि नेपथ्याचं मामांना. मामांनी ते घेतलं आणि जाताना रंग खरवडून द्यायला सांगितलं.

दुसऱ्या आठवड्यात एका मोठ्या नाट्यसंस्थेचे दिग्दर्शक घरी आले. तीन अंकी विनोदी नाटक, मुख्य भूमिका तिची. बायकोने त्यांना सांगितलं, यांनाही काहीतरी द्या, संध्याकाळी घरी एकटे बसून काय करतील.

मला भूमिका मिळाली आहे. पडदा उघडतो तेव्हा मी पलंगावर पांघरूण घेऊन झोपलेला असतो. तिसऱ्या अंकापर्यंत मला कोणी उठवत नाही. तिसऱ्या अंकात पलंग काढून नेतात. परवा तालमीत मला खरोखरच झोप लागली. दिग्दर्शकांनी सगळ्यांना जवळ बोलावून दाखवलं म्हणे, की बघा, भूमिकेत शिरणं म्हणजे काय.