नाव कळल्याशिवाय उपटायचं नाय

माझ्या आईनं दुसऱ्याच्या रानात खुरपणी करून मला शिकवलं. कापसाच्या तासात उकिडवं बसायचं, दिसेल ते तण उपटत पुढं सरकायचं, संध्याकाळी बोटांना चिरा घेऊन घरी यायचं. पावसाळ्यात काम असायचं. उन्हाळ्यात आम्ही शिळी भाकरी मिठाच्या पाण्यात बुडवायचो आणि त्याला कालवण म्हणायचो. अशा घरातून मी बी.एस्सी. झाले, तीही बॉटनी घेऊन. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे मी न विचारताच सांगते.

तर अशा आमच्या घराशेजारी तणाला पाणी घालणारा माणूस राहायला आला.

म्हसूमामा जातीनं धनगर. वाळूजकडच्या माळावर त्यांची मेंढरं चरायची. त्या माळावर कारखाने आले, मेंढरं विकली गेली आणि मामा त्याच माळावरच्या एका कारखान्यात माळी म्हणून लागले. काम काय, तर साहेबाच्या केबिनसमोरच्या हिरवळीत उगवलेलं तण काढायचं. मामा ते इमानानं काढायचे. मुळासकट, मातीसकट, हलक्या हातानं. मग ते जेवणाच्या रिकाम्या डब्यात ठेवून शिफ्टच्या बसनं घरी आणायचे आणि आपल्या पत्र्याच्या खोलीपुढं लावायचे.

"हिरवळ पाव्हणी हाय," ते म्हणायचे. "माळ ह्यांचा हाय."

त्या बागेचा कायदा एकच. नाव कळल्याशिवाय उपटायचं नाय. नाव कळल्यावरही ते कधी काही उपटत नसत, ती गोष्ट वेगळी. मीटर बघायला आलेल्या माणसाला आधी कुंपणापाशी उभं केलं जायचं.

"ह्ये काय हाय ते सांगा, मग मीटर दावतो."

"गवत आहे, काका."

"गवत तर माझी शेळीबी म्हणती. सरकारी माणूस ना तुमी?"

शेळी हा पुढचा टप्पा. अनोळखी झाड उगवलं की मामा आधी पान चुरगळून वास घ्यायचे, मग दाताखाली धरायचे, मग शेळीपुढं करायचे. शेळीनं खाल्लं तर ते झाड पास. या शेळीनं माझं हॉल तिकीटही खाल्लं होतं, त्यामुळं तिचा निकाल मी कधी मानला नाही.

आई आणि मामांचं मात्र जमेना. हाताच्या अंतरावर तण उभं आहे आणि ते उपटायचं नाही, हे तिला सोसायचं नाही. कुंपणापलीकडं बघत ती भाकरी थापायची आणि पुटपुटायची, "अगं बया, कमरेला लागाया आलं!" मामा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

त्या वर्षांत शहरात विद्यापीठाच्या नामांतराचा लढा चालला होता. मीही मोर्च्यात क्रांती चौकात जायचे आणि घसा बसवून यायचे. वस्तीतलं कुणी म्हणालं, "नावासाठी एवढं कशाला?" की मामा बिडी विझवून विचारायचे, "नावासाठी नाय तर मग कशासाठी?" आणि उत्तराची वाट न बघता झारी भरायला जायचे.

मला बॉटनीची पदवी मिळाल्याचं कळलं त्या दिवशी मामा पेढा खायला आले. येताना हातात फुटक्या माठाचं बूड होतं. त्यात वीतभर रोप. नखाएवढी पानं, त्यावर मऊ लव, टोकाला पांढुरकं फूल.

"मास्तरीणबाई, ह्याचं नाव पायजे."

मी पान उलटंपालटं केलं. पुस्तक काढलं. पुस्तकातलं चित्र आणि माठातलं झाड एकमेकांना ओळख देईनात. शेवटी एक फांदी घेऊन मी कॉलेजात सरांकडं गेले. सरांनी भिंगातून पाहिलं आणि एक लांबलचक लॅटिन नाव लिहून दिलं. मी ते मामांना अभिमानानं वाचून दाखवलं. दोनदा.

"ह्ये त्याचं नाव नाय," मामा म्हणाले. "एवढं मोठं नाव घेऊन हाक मारंपतूर झाड वाळून जाईल."

"मामा, जगभर हेच नाव चालतं."

"चालू द्या. माळावर चालत नव्हतं."

मला राग आला. तीन वर्षं शिकून मी एका झाडाचं नाव आणलं होतं आणि ते परत आलं होतं. पण त्यानंतरही ते रोज विचारायचे. "सापडलं का?" मी मोर्च्यातून आले तरी, भांडी घासत असले तरी. एकदा मीच वैतागून विचारलं, एवढं काय अडलंय? ते म्हणाले, "अडलंय." बस्स.

मग बागेतून साप निघाला. मामांच्या मते ती वाट चुकलेली धामण होती. वस्तीच्या मते साप तो साप. चार माणसं येऊन सांगून गेली, रविवारपर्यंत जागा साफ करा, नाहीतर आम्ही फावडं घालतो. मामांनी मान हलवली आणि त्यांना जाता जाता एका रोपाचं नाव विचारलं.

शनिवारी मामा कामावर गेले. दुपारी मी घरी आले तर आई मामांच्या बागेत बसलेली. पदर खोचलेला, हातात खुरपं. निम्मी जमीन उघडी पडली होती.

"आई! काय केलंस हे?"

"लोकांनी फावडं घालण्यापरीस म्या हातानं काढलेलं बरं. मुळं तरी शाबूत ऱ्हातील."

माठाचं बूडही रिकामं होतं. तोवर शिफ्टची बस थांबली आणि मामा आले. डबा हातातच. ते कुंपणापाशी उभे राहून उघड्या मातीकडं बघत राहिले.

आईनं वर पाहिलं. "भाऊ, असं बघू नका. तुमचा कायदा मोडला नाय. नाव घेतल्याबिगर एकबी उपटलं नाय म्या."

खुरपणीच्या सवयीनं तिनं जातीजातीचे वेगळे ढीग लावले होते. खुरप्याच्या टोकानं ती दाखवत गेली. "ह्यो माका. ही पाथरी. ह्यो कुर्डू, ही एकदांडी. ह्यो तरोटा, शेळीबी खात नाय. आन् ही जावळी."

"काय म्हणालात?"

"जावळी. बाळाच्या जावळावानी लव हाय ना? आमा खुरपणाऱ्या बायांतलं नाव हाय. गड्यांना कुठून ठावं असणार?"

मामा खाली बसले. मातीतच. डबा बाजूला ठेवला.

"काटा मोडला की भागा ह्योच पाला चोळून बांधायची," ते म्हणाले. भागा म्हणजे मामी. मेंढरं विकली त्याच साली त्या गेल्या होत्या. "म्या नाव इचारलं की म्हणायची, तुमाला काय करायचंय, पाय सरळ धरा. म्हणलं, इचारू कवातरी." त्यांनी ढिगातलं एक पान उचलून बोटांनी चोळलं. मग हळूच म्हणाले, "जावळी."

आईनं ढिगातलं ते रोप उचललं, माठाच्या बुडात परत खोचलं आणि अंगठ्यानं माती दाबली. इतक्या वर्षांत तिनं उपटलेलं तण परत लावताना मी पहिल्यांदा पाहिलं.

रविवारी चार माणसं फावडी घेऊन आली, तेव्हा जागा साफ होती. कडेनं ओळीत लावलेली रोपं होती आणि प्रत्येकापुढं तेलाच्या डब्याच्या पत्र्याची पाटी होती. नावं आईनं सांगितली होती, तिला ती वाचता येत नाहीत. लिहिली मी होती. माणसांनी पाट्या वाचल्या, फावडी खांद्यावर घेतली आणि परत गेली.

मामांच्या बागेत आता बिननावाचं एकही झाड नाही.