आडनावांचा अभ्यासदौरा

अन्यायाची मनापासून चीड येण्यासाठी तो अन्याय किमान साडेसहा हजार किलोमीटर लांब असावा लागतो. त्याहून जवळचा अन्याय नीट दिसत नाही, डोळ्यांवर ताण येतो, आणि घरातलाच असला तर चष्मा लावूनही सापडत नाही. २०२० च्या उन्हाळ्यात अमेरिकेत एका पोलिसाने एका काळ्या माणसाच्या मानेवर गुडघा रोवला, तेव्हा हे अंतर अगदी योग्य असल्यामुळे फेल्डहोवन या डच गावातल्या हरिहरला फार मनापासून चीड आली.

हरिहर ज्या कंपनीत होता ती चिप तयार करणाऱ्या यंत्रांसाठी पंप बनवायची. पंपांचा आणि मानवतेचा संबंध तोवर कुणाच्या लक्षात आला नव्हता. पण जूनमध्ये वरून मेल आली की आपण सगळे समान आहोत आणि याची अंमलबजावणी तिसऱ्या तिमाहीपासून होईल. त्यासाठी समावेशन समिती नेमायचं ठरलं. समितीत एक जागा भारतीयासाठी होती (कंपनीत भारतीय पुष्कळ, पण सगळे समान असल्यामुळे एक पुरेसा होता). इच्छुकांनी वंशभेदाच्या विषयावर एखादी अभ्यासभेट करून तिच्यावर सचित्र सादरीकरण करायचं होतं. हरिहर बरीच वर्षं एकाच हुद्द्यावर तिष्ठत होता, आणि समितीतला माणूस संचालकांच्या डोळ्यांसमोर राहतो हे त्याला ठाऊक होतं. त्याने त्याच दिवशी अर्ज केला.

भेटीसाठी त्याने आर्नहेममधलं एक संशोधन-ग्रंथालय निवडलं. एका जुन्या शाळेच्या इमारतीत कृष्णवर्णीयांचा इतिहास आणि संस्कृती यांवरची हजारो पुस्तकं, पत्रकं, छायाचित्रं तिथे जपून ठेवलेली होती. एरवी तिथे कुणीही केव्हाही जाऊ शकत असे, म्हणजे फारसं कुणी जात नसे. कोरोनामुळे आता आगाऊ वेळ घ्यावी लागत होती आणि एका वेळी दोघांनाच प्रवेश होता. त्यामुळे ते पहिल्यांदाच पूर्ण भरलेलं होतं.

दुसरी जागा हरिहरने अद्वयला दिली. छायाचित्र काढायला माणूस लागतोच. शिवाय अद्वय त्याचा होणारा भाडेकरू होता. नायमेखनच्या विद्यापीठात शिक्षण संपवून त्याला फेल्डहोवनमध्ये नोकरी लागली होती. ऑक्टोबरपासून रुजू व्हायचं होतं. नायमेखनचं घर सप्टेंबरअखेरीस मालक विकणार होता आणि कोरोनाच्या दिवसांत परक्याला घरात घ्यायला कुणी राजी नव्हतं. या देशात डोक्यावर छप्पर नसलं तर एक वेळ चालतं, पण खेमेंतेच्या दप्तरी, म्हणजे नगरपालिकेत, पत्ता नसला तर माणसाचं बँकेपासून डॉक्टरपर्यंत सगळंच अडतं. हरिहरच्या माळ्यावरची खोली ही अद्वयची एकच आशा होती, आणि हरिहरने फोनवरच खोली तुझी, असं सांगून टाकलं होतं.

एरवी हरिहर असा घाईने शब्द देणारा नव्हता. परदेशस्थ मराठी माणसाची पारख करण्याची एक सुसंस्कृत पद्धत आहे आणि तिच्यात तो वाकबगार होता. पहिला प्रश्न, मूळचे कुठले? दुसरा, पुण्यात कुठे? तिसरा, आडनाव काय? (जातीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. ते असंस्कृतपणाचं आहे.) बहुतेकांचा निकाल दुसऱ्या प्रश्नातच लागे. पण अद्वयच्या बाबतीत हरिहरने ही परीक्षाच घेतली नाही. ‘अद्वय’ असं नाव ठेवणारे लोक कोण असणार, याची त्याला खात्री होती. उच्चार स्वच्छ, नम्र बोलणं, आणि काकूंना त्रास नको म्हणून स्वयंपाक स्वतः करीन म्हणाला. मेलमध्ये नाव ‘अद्वय संजीव’ एवढंच होतं, पण हल्ली मुलं वडिलांचं नाव लावतात, पुरोगामी घरांत तशी पद्धतच आहे, असं त्याने बायकोला, म्हणजे कुमुदिनीला, कौतुकाने सांगितलं होतं.

ठरल्या दिवशी नायमेखनला अद्वय गाडीत चढला. मास्क लावून, तिरकं अंतर राखून दोघं बसले. हरिहरने निव्वळ सवयीने विचारलं, मूळचे कुठले. नगर जिल्हा, अद्वय म्हणाला. पुण्यात हडपसर. दोन्ही उत्तरांतून काहीच हाती लागलं नाही, पण हरिहरला शंका आली नाही. खोलीच्या खिडकीतून सायकलमार्ग दिसतो, चावी करून ठेवली आहे, असं त्याने आपणहून सांगितलं.

ग्रंथालयाच्या दारात त्यांनाही तीन प्रश्न विचारण्यात आले. खोकला आहे का? ताप आहे का? वास येतो का? दिसायला धडधाकट असलेल्या माणसाच्या आत काय आहे ते आधीच कळावं, हा त्यामागचा हेतू होता. हरिहरला ही पद्धत फार शास्त्रीय वाटली.

आत हेनरिएटबाई होत्या. सुरीनाममध्ये जन्मलेल्या, साठी उलटलेल्या, उभा जन्म या कागदांत घालवलेल्या. त्यांनी दोघांना मोठ्या टेबलाच्या दोन टोकांना बसवलं आणि आवाज चढवून (अंतरामुळे, रागामुळे नव्हे) बोलायला सुरुवात केली. सुरीनाममधली गुलामगिरी संपली तेव्हा हजारो माणसं कायद्याने एकाएकी माणसं झाली, आणि माणसाला आडनाव लागतं. मग कारकुनांनी ती वाटली. कुणाला मळ्याचं नाव दिलं, कुणाला मालकाचं नाव उलटसुलट करून दिलं. हेनरिएटबाईंचं आडनाव एका मळ्याचं होतं. त्यांच्या पणजीची आई त्या मळ्यात ऊस तोडत असे.

“आजही या देशात मी नोकरीसाठी किंवा घरासाठी नुसतं आडनाव लिहिलं,” त्या म्हणाल्या, “तरी पुढच्याला कळतं की आम्ही कुणाच्या मालकीचे होतो. मग घर आधीच भाड्याने गेलेलं असतं.”

हरिहरचे डोळे पाणावले. हे खरोखरचं पाणी होतं, त्याची उगीच थट्टा आम्ही करणार नाही. नुसत्या आडनावावरून माणसाची किंमत ठरावी, त्याला घर नाकारावं, ही कल्पनाच त्याला असह्य झाली. त्याने वहीत ‘आडनाव = न पुसलेला डाग’ असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. अद्वयने त्या अवस्थेत त्याचं छायाचित्र काढलं. ते उत्तम आलं.

मग हेनरिएटबाईंनी सहज विचारलं, “तुमच्याकडे कसं असतं?”

“आमच्याकडे असं काही नाही,” हरिहर म्हणाला. “आडनाव म्हणजे नुसतं आडनाव.”

त्यांनी मान डोलावली आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. ही बाई आपली सगळी कुळकथा परक्यांसमोर मांडते आहे आणि आपण अर्धं नाव घेऊन बसलो आहोत, याची बहुधा अद्वयला लाज वाटली असावी. त्याने आपलं आडनाव सांगितलं. ते त्याच्या पणजोबांनी घेतलेलं नव्हतं, गावाने दिलेलं होतं, तेही सांगितलं. गावाबाहेर घर कुठल्या दिशेला होतं आणि गावासाठी कुठलं काम करावं लागे, तेही सांगितलं. पुष्कळांनी पुढे आडनाव बदलून घेतलं, वडिलांनाही बदलता आलं असतं, तेही सांगितलं.

“बाबा म्हणाले, आपण नाव बदलायचं नाही. विचारणाऱ्यांनी प्रश्न बदलावा,” तो म्हणाला.

हेनरिएटबाई कोरोना विसरून उठल्या आणि त्याच्या शेजारी येऊन बसल्या. दोघं उरलेला वेळ कुठल्या गावात काय रीत होती हे एकमेकांना सांगत राहिले. अभ्यासभेटीचा अर्जदार टेबलाच्या या टोकाला होता. त्याने वहीत पुढे काही लिहिलं नाही. बाई नियम मोडून जवळ बसल्या, हे मात्र त्याच्या नजरेतून सुटलं नाही.

परतीच्या गाडीत हरिहर खिडकीतून वाल नदी आणि तिच्यावरचे पूल पाहत होता. नायमेखन जवळ आलं तसा तो खाकरला.

“अरे, त्या रूमचं जरा... कुमुदिनीला कोविडचं टेन्शन आलंय. घरात बाहेरचं माणूस नको म्हणतेय.”

“काका, सकाळी काकूंचाच मेसेज होता. कधी येतोस, तांदूळ कुठला लागतो, असं विचारत होत्या.”

“सकाळी आकडे कमी होते,” हरिहर म्हणाला.

अद्वयने मोबाइलमधली छायाचित्रं हरिहरला पाठवली, सगळी मिळाली का याची खात्री करून घेतली आणि तो उतरला. हरिहरला वाईट वाटलं. त्याचं म्हणणं असं की तो स्वतः यातलं काहीच मानत नाही, पण घरात देव आहेत, मराठी मंडळातल्या लोकांचं येणं-जाणं आहे, लोक काय म्हणतील याचा विचार करावा लागतो. (या लोकांचा शोध आम्ही घेतला. ते सगळेही स्वतः काहीच मानत नाहीत, फक्त हरिहर काय म्हणेल याचा विचार करतात.)

घरी त्याने कुमुदिनीला सांगितलं, मुलाला दुसरीकडे खोली मिळाली. मुलगा छान होता हो, असं ती म्हणाली आणि तांदळाची पिशवी तिने परत फडताळात ठेवली. ऑक्टोबरात खोली एका दुसऱ्या होतकरू तरुणाला गेली. त्याच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नापर्यंत जावंच लागलं नाही. अद्वय तीन मित्रांच्या घरांत पाळीपाळीने जमिनीवर झोपला, आणि पत्ता नाही म्हणून त्याचा पहिला पगार अडकून पडला.

हरिहरचं सादरीकरण मात्र अपूर्व झालं. ‘आडनाव: न पुसलेला डाग’ ही त्याची स्लाइड पाहून संचालकांनी कॅमेरा सुरू करून टाळ्या वाजवल्या. पाणावलेल्या डोळ्यांचं छायाचित्र कंपनीच्या संकेतस्थळावर लागलं. एका डच सहकाऱ्याने विचारलं, तुमच्या देशात असं काही आहे का? होतं, पूर्वी, असं हरिहरने सांगितलं. समितीतली जागा त्याला एकमताने मिळाली.

आमची हरिहरबद्दल तक्रार नाही. माणूस हळवा आहे, आणि तुम्हाला त्याचा राग आला असेल तर तो आम्ही समजू शकतो. फक्त एक विचारायचं राहिलं. अद्वयने आर्नहेमला आपलं आडनाव स्वच्छ सांगितलं, पण आम्ही ते छापलं नाही. त्या ओळीपाशी तुम्ही क्षणभर थांबलात, मग पुढे गावाबाहेरची दिशा आणि गावाचं काम यांवरून मनातल्या मनात दोन-तीन आडनावं लावून पाहिलीत. हरिहरचं आडनावही आम्ही कुठेच दिलेलं नाही, पण ते तुम्हाला शोधावंसं वाटलं नाही, कारण ते तुम्हाला पहिल्याच परिच्छेदात कळलं होतं.