निळ्यांच्या मधोमध लाल

नकाशावर दोनशे चौदा ठिपके निळे होते आणि त्यांच्या बरोबर मधोमध एक लाल. लाल बोलीचा मुलूख तिथून दोन दिवसांच्या प्रवासावर, थेट समुद्राकाठी. तिचा ठिपका इथे निळ्यांच्या घोळक्यात काय करत होता, कुणालाच कळेना.

बोली-सर्वेक्षणाच्या कार्यालयप्रमुख बाई मात्र बेहद्द खूश होत्या. "बेट सापडलंय तुम्हाला! भाषेचं बेट!" त्या ठिपकेवाल्याला म्हणाल्या. गावोगाव हिंडायचं, प्रत्येक गावात तिथेच जन्मलेल्या एका जुन्या माणसाला शंभर वस्तू दाखवून 'याला काय म्हणता' असं विचारायचं आणि उत्तरांप्रमाणे ठिपका रंगवायचा, हे त्याचं काम. सहा वर्षं तो हंगामीच होता. हा नकाशा छापला की कायम करू, असा बाईंचा शब्द होता.

बाईंनी हां हां म्हणता अकरा पानांचा लेख लिहिला. तीनशे वर्षांपूर्वी दुष्काळाने एक अख्खा समूह समुद्रकाठ सोडून इकडे आला, वगैरे वगैरे. परगावचे चार विद्वान बेट बघायला यायचे ठरले. कार्यालयात ठिपकेवाल्याच्या चहात न मागता दोन चमचे साखर पडू लागली.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी त्याने लाल ठिपक्याचा तक्ता सहज उघडला आणि त्याला घाम फुटला. पहिलाच रकाना कोरा होता : जन्मगाव. त्या दिवशी त्या गावात त्याची सायकल पंक्चर झाली होती आणि ऊन डोक्यात चढलं होतं. एका मावशींनी त्याला ओट्यावर बसवून पाणी पाजलं, कपाळावर ओलं फडकं ठेवलं. शंभर वस्तू त्याने त्यांनाच विचारल्या; पण एवढं केल्यावर 'तुमचा जन्म कुठला?' असं फौजदारासारखं विचारायला त्याची जीभ रेटली नव्हती.

त्याने फोन लावला. "मावशी, तुमचा जन्म त्याच गावातला ना?"

"छे रे! माझं माहेर समुद्राकाठी. लेकीच्या बाळंतपणाला आले ती इथेच राहिले. बावीस वर्षं झाली बघ."

तो बाईंकडे धावला. बाई विद्वानांशी फोनवर बोलत होत्या. संध्याकाळी पुन्हा गेला, तर बाई लेखाचं बारावं पान लिहीत होत्या. "उद्या बोला, उद्या! बेटावरच बोला!"

दुसऱ्या दिवशी जीप गल्लीत थांबली. विद्वान उतरले, आणि मावशींना पाहताच ठिपकेवाल्याने डोळे मिटून सगळं ओकून टाकलं.

"बाई, चूक माझी आहे. या इथल्या नाहीत. समूह-बिमूह कुणी आला नाही, एकट्या या आल्या. तेही लेकीच्या बाळंतपणाला."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. विद्वान आपापल्या बुटांकडे बघू लागले. नोकरी गेली हे ठिपकेवाल्याला तिथेच कळून चुकलं.

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचं आणि एका गिऱ्हाइकाचं जुंपलं. दोघेही विशीतले, दोघेही तावातावाने बोलत होते. हेल सुटत होता थेट समुद्रकाठचा. खिडकीतून एक मुलगी ओरडली, तीही त्याच हेलात.

"थांबा," बाई हळूच म्हणाल्या. "हे लोक कुठले?"

"इथलेच की," मावशी म्हणाल्या. "यांच्या आया गिरणीत जायच्या. पोरं माझ्या ओट्यावर. सदतीस पोरं सांभाळली मी."

पंक्चरवाला हात पुसत आला. "आई घरी यायची तेव्हा आम्ही पेंगलेलो असायचो, बाई. चालायला, बोलायला, भांडायला, सगळं हिनंच शिकवलं. हिचे उपकार फिटायचे नाहीत."

बाईंनी लेख काढला. 'तीनशे वर्षां'वर काट मारून 'बावीस' लिहिलं, 'एक अख्खा समूह' खोडून 'एक मावशी' लिहिलं आणि उरलेली दहा-अकरा पानं शांतपणे पिशवीत टाकली. "रकाना तुम्ही कोरा ठेवलात, पण दुष्काळ मी पाडला," त्या ठिपकेवाल्याला म्हणाल्या. "आता या सदतीस जणांकडे एकेक करून जायचं. दोन वर्षांचं काम आहे, आणि ते मी हंगामी माणसाकडे देणार नाही."

ठिपकेवाला मावशींच्या पायाशी वाकला.

"ऊठ रे. मी काय केलं?" मावशी म्हणाल्या. "आणि ही पोरं बोलतात ते आमच्याकडचं नव्हे हं! अर्धं इथलं घुसडलंय मेल्यांनी. आमच्याकडे असं बोललं तर हसतील." मग त्यांचा आवाज जरा उतरला. "मलाच हसतात. परवा माहेरी गेले, तर भावजय म्हणाली, 'वन्सं, तुमचं बोलणं आता आपल्याकडचं राहिलं नाही.' रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला. तिथली राहिले नाही, मग कुठली झाले मी?"

पंक्चरवाल्याला हा प्रश्न फार सोपा वाटला असावा. "आमच्या गल्लीतली," तो म्हणाला आणि पुन्हा भांडायला गेला.