मोबाईलवरचा डॉक्टर विश्राम

सुनेने दिवेलागणीला घराबाहेर पडू नये, असं चंद्रभागेचं म्हणणं नव्हतं. पडावं. पण परत येताना असं उजळलेलं तोंड घेऊन येऊ नये. ऋतिका रोज संध्याकाळी मोबाईल ओढणीत गुंडाळून कातळावर जायची आणि खाली उतरायची ती अशी, की वर कुणीतरी तिला हळद लावून पाठवलं असावं.

"तिकडं माणसं मरायला टेकलीत आणि ही दात काढत येते," चंद्रभागा पडवीतल्या खांबाला सांगायची. "काळीज हाय का धोंडा?"

मरायला टेकलेली माणसं 'नाडी तुझ्या हाती' या मालिकेतली. सुनील शाळेत होता तेव्हा ती सुरू झाली. आता तो मुंबईला कंपनीत लागला, त्याचं लग्न झालं, बायको गावाला, कुडपणात येऊन भाकऱ्या थापायला लागली, तरी त्या इस्पितळातून कुणी घरी जायचं नाव काढत नव्हतं. चंद्रभागेला बापाने दुसरीतूनच गुरांमागे धाडली होती. पण रक्तदाब, ऑक्सिजन, आयसीयू हे शब्द ती मीठमिरचीसारखे वापरायची. शेळी व्याली तरी "नॉर्मल झाली" म्हणून सांगायची.

कातळाचा घोळ झाला तो वानरांमुळे. छपरावर डिशची छत्री होती. एका दुपारी अख्ख्या टोळीने तिच्यावर झोके घेतले, आणि त्या दिवसापासून टीव्हीवर नुसता पाऊस पडायला लागला. पोलादपूरचा दुरुस्तीवाला फोनवर रोज "उद्या येतो, मावशी" म्हणायचा. इतक्या प्रेमाने म्हणायचा, की त्याला शिवीही देता येत नव्हती. मोबाईलवर मालिका दिसते, हे ऋतिकेनेच सांगितलं. पण रेंज यायची ती फक्त पठाराच्या टोकाला, कातळावर. चंद्रभागेने मोबाईलमध्ये एकदा डोकावून पाहिलं. डॉक्टर विश्राम मुंगीएवढा दिसला. तिला मुंगीएवढा डॉक्टर मान्य नव्हता.

"तू बघून ये आणि मला सांग," तिने सुनेला हुकूम सोडला. "गाळायचं नाय काय."

खालच्या आळीत बयाबाईकडे टीव्ही होता, धडधाकट होता. बयाबाई तिची धाकटी जाऊ. "आक्का, ये की माझ्याकडं बघायला," असं तिने विहिरीवर चारचौघींत म्हटलंसुद्धा. पण ज्या घरात मालिकेतल्या त्या डॉक्टर मोहनेचं कौतुक चालतं, त्या घरात पाय ठेवण्यापेक्षा चंद्रभागेने डोळ्याला पट्टी बांधून घेतली असती.

कारण सगळ्या वाडीत दोन पक्ष होते. चंद्रभागा डॉक्टर विश्रामची. मोठा सर्जन, कमी बोलणारा, रागावला तर चष्मा काढून पुसणारा. मध्ये एकदा त्याला अपघात झाला, चेहऱ्याची पट्टी सोडली तर आतून भलताच माणूस निघाला. तोही चंद्रभागेने पोटात घातला. बयाबाई मात्र डॉक्टर मोहनाची. कुरळ्या केसांची पोर, पेशंटच्या उशाशी बसून गाणं म्हणायची.

"डॉक्टरनं गाणं म्हणायचं का सुई टोचायची?" चंद्रभागा विचारायची.

"तुझा विश्राम सुई टोचतो तेव्हा पेशंट कोमात जातो!"

"कोमातल्या त्या बाईला विश्रामनंच जगवलीय इतकी वर्षं."

"जगवलीय का झोपवलीय? पोर तिचं कॉलेजात गेलं. बाईच्या डोक्याला रोज तेल मात्र लागतं. मला एक दिवस कुणी लावलं नाय."

मालिका आता पहिल्यासारखी राहिली नाही, एवढ्या एका गोष्टीवर दोघींचं एकमत होतं. आधी इस्पितळात रोगी बरे व्हायचे, आता डॉक्टरच आजारी पडायचे. पण हेही एकीने म्हटलं की दुसरी त्यावर तुटून पडायची.

तर ऋतिका पहिल्या दिवशी कातळावरून उतरली. चंद्रभागा पाय पसरून तयारच होती. "काय झालं गो?"

ऋतिका जरा घुटमळली. "आज ना आई... ऑपरेशनमध्ये लाईट गेली. तर डॉक्टर विश्रामनी बॅटरीच्या उजेडात केलं."

चंद्रभागेने मांडीवर थाप मारली. "बघ! आणि मोहना?"

"ती बॅटरी धरून उभी होती. हात थरथरत होता."

त्या रात्री चंद्रभागा भाकरीचा एक चतकोर जास्त जेवली. सकाळी विहिरीवर कळशी टेकवायच्या आधीच तिने बॅटरीची गोष्ट सगळ्यांना ऐकवली. बयाबाई दोर ओढता ओढता थांबली.

"कसली बॅटरी? कालच्या भागात विश्राम खुर्चीत बसून मेलेल्या बायकोच्या फोटोकडं बघत होता. शेवटपर्यंत. बाकी काय झालंच नाय."

"तुझा डोळा लागला असंल."

"माझा डोळा लागला? त्याचाच लागला होता!"

चंद्रभागा घरी आली आणि सुनेला चुलीपुढे उभी केली. ऋतिका पिठाच्या हातांनी क्षणभर छपराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, टीव्हीवर कापून दाखवतात. जाहिराती असतात ना. मोबाईलवर सगळं पुरतं येतं. कधी कधी पुढचंही येतं."

चंद्रभागेला हे पटलं. नुसतं पटलं नाही, तिला आपण उंच झाल्यासारखं वाटलं. म्हणजे बयाबाईकडे कापलेलं, शिळं. आपल्याकडे पुरतं आणि ताजं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिने हे जाहीर केलं. संध्याकाळी धोंडूची बायको "सहज" म्हणून पडवीत येऊन टेकली. तिसऱ्या संध्याकाळी पडवी भरली. ऋतिकेच्या तोंडून डॉक्टर विश्राम आंबेनळी घाटात दरड कोसळलेली असताना ती चढून जाऊन बाळंतीण सोडवत होता. मालिकेचं इस्पितळ नेमकं कुठे आहे, हे इतक्या वर्षांत कुणाला कळलेलं नव्हतं. ते घाटापलीकडेच आहे, हे ऐकून बायकांना फार बरं वाटलं.

खालच्या आळीत बयाबाईच्या टीव्हीपुढे बयाबाई आणि तिची मांजर उरली. मांजरही उंबऱ्याकडे तोंड करून बसायची.

मग कात्री निघाली. टीव्हीवर एका पेशंटच्या पोटात कात्री राहिली आणि आळ विश्रामवर आला. बयाबाई विहिरीवर अशी आली, जणू कात्री तिनेच शोधली होती. "निघाला ना तुझा विश्राम आंधळा!"

ही बातमी पडवीत पोचल्यावर ऋतिकेने त्याच संध्याकाळी सांगितलं, की कात्री मोहनेच्या हातून राहिली. विश्रामने पोरीचं करिअर वाचवायला आळ आपल्या अंगावर घेतला. दोन बायकांनी पदर डोळ्याला लावला. सकाळी विहिरीवर त्यावरून जे झालं, त्यात दोन कळशांना पोचे आले.

"रविवारी महाएपिसोड हाय," बयाबाई ओरडली. "त्यात कळंल कात्री कुणाची. लाव शर्त!"

"लावली! विश्रामची निघाली तर जत्रेची पयली ओटी तू भर."

 जत्रेत गावदेवी वाघजाईची पहिली ओटी थोरल्या घराची. सासूने मरायच्या आधी ओटीचं ते ताट चंद्रभागेच्या हातात दिलं होतं, आणि चंद्रभागेने तेव्हापासून कुणाला त्याला बोट लावू दिलं नव्हतं. शब्द तोंडातून गेला होता. विहिरीत पडलेला पोहरा तरी काढता येतो.

आता मोबाईलवर पुढचं येतं, तर रविवारचं आज स्वतः बघावं, असं तिने शनिवारी ठरवलं. मुंगीएवढा तर मुंगीएवढा. सून गेल्यावर ती गुडघ्यांना शिव्या देत मागोमाग कातळ चढली. ऋतिका एका दगडाला मोबाईल टेकवून बसली होती. मोबाईलमध्ये डॉक्टर विश्राम नव्हता. सुनील होता, बनियनवर.

"मग आयला आज काय सांगणार?" तो विचारत होता.

"तीच पंचाईत आहे. कात्री मोहनाची असं सांगून बसले. आता ती पोटातून काढायची कशी?"

"लोहचुंबक लाव. वरनं फिरवला की कात्री भाईर!"

ऋतिका खळखळून हसली. "तुम्ही ना! मालिका बघायला नेट उरतच नाही, सगळं तुमच्याशी बोलण्यात जातं. उद्या पकडले गेले तर?"

"विश्रामला मारू नको फक्त. आय जेवायची नाय."

चंद्रभागा करवंदीच्या जाळीमागे उभी होती. हातात काठी होती. पहिला विचार काठीचाच आला. पण सुनील हसत होता. तिच्याशी फोनवर तो "जेवलो, बरं हाय, ठेवतो" एवढंच बोलायचा; लेकाला हसता येतं हे ती विसरूनच गेली होती. आणि पुढे होऊन बोलावं तर काय बोलावं? सून खोटारडी म्हटलं, तर बॅटरी खोटी, घाटातली बाळंतीण खोटी, आणि त्यासाठी कळशा आपटणारी आपण कोण? मान जायचा तो जाईल, पण अक्कलही त्याच ताटात घालून बयाबाईला द्यायची? आणि लोहचुंबक! एवढी कंपनीची नोकरी करून पोराची झेप लोहचुंबकापर्यंत!

ती आली तशी उतरली. त्या संध्याकाळी ऋतिकेने कात्रीची गोष्ट सांगितली, पण लोहचुंबक घातला नाही. विश्रामने पेशंटच्या आईचे पाय धरले, परवानगी मागितली आणि पुन्हा ऑपरेशनला उभा राहिला. पडवीतल्या बायका पुढे सरकून बसल्या. चंद्रभागाही ऐकत राहिली. खोटं आहे हे ठाऊक असून तिचा पदर डोळ्याकडे गेला, याचा तिला राग आला.

रविवारी सगळी वाडी बयाबाईच्या घरात. चंद्रभागा दाराशी, पाठ ताठ. महाएपिसोड जाहिरातींच्या फटीफटीतून आला. आणि डॉक्टर विश्राम उभा राहून सरळ म्हणाला, कात्री माझीच, मला त्या दिवशी झोप आली होती. चष्मासुद्धा पुसला नाही.

"ही काय शिरियल झाली?" धोंडूची बायको म्हणाली. कुणी तिला गप्प केलं नाही.

बयाबाईने चंद्रभागेकडे बघायला मान वळवली, तेवढ्यात पडद्यावर डॉक्टर मोहना बॅग घेऊन आली. मला लंडनला बोलावलंय, म्हणाली. कायमचं. गाणं वाजलं, नावं वर सरकायला लागली. बयाबाईचं तोंड उघडंच राहिलं.

"शब्द म्हंजे शब्द," चंद्रभागा दारातूनच म्हणाली. "ओटी तुझी." आणि निघाली. घरी येऊन तिने ताट पुसलं, खण आणि नारळ त्यात ठेवले, आणि चुलीकडे पाठ करून झोपली. ऋतिका उशाशी दोनदा येऊन उभी राहिली आणि दोनदा परत गेली.

सकाळी मागच्या दाराला बयाबाई. हातात रिकामी वाटी. "विरजण हाय का, आक्का?"

"तुझ्या घरात म्हशी दोन. ताट न्यायला आलीस तर तसं सांग."

बयाबाई आत आली, पाटावर बसली आणि आवाज एकदम खाली आणला. "मोबाईलवर काय झालं?"

"तुला काय करायचंय? तू जिंकलीस."

"जिंकून काय चाटू? मोहना गेली ना लंडनला! तिकडं गेलेलं कुणी परत येतं का कधी? मोबाईलवर तरी हाय का ती? खरं सांग, वाघजाईची आण."

चुलीपुढे ऋतिकेच्या भाकरीची थाप बंद पडली. चंद्रभागेने सुनेकडे पाहिलं. सुनेने पिठाकडे पाहिलं. विश्रामची बाजू घेऊन जिच्याशी जन्मभर भांडलो, तिच्याच मोहनेचा जीव आता आपल्या चुलीपाशी होता. चंद्रभागेने विरजणाची वाटी सावकाश भरली.

"आण कशाला घालतेस," ती म्हणाली. "मोबाईलवर ती विमानतळावर बसलीय. चढली नाय अजून."

"चढू देऊ नको, आक्का!" बयाबाईने तिचा हातच धरला. "ते ताट तुझं तूच ने जत्रेला. मी तुझ्या मागं उभी राहीन. पण संध्याकाळी मला पडवीत पुढं जागा ठेव."

"कात्री कुणाची?"

बयाबाईने विरजणाकडे पाहिलं.  "एखाद्या नर्सची नाय का करता येणार?"

ती गेली. ऋतिका उठून उभी राहिली. कपाळाला पीठ, डोळ्यांत पाणी. "आई, मी तुम्हाला सांगणारच होते. मी मालिका कधी—"

"गप ऱ्हा. कातळावर मी पण चढून आलेय शनवारी."

ऋतिका पाटावर बसलीच. चंद्रभागेने खणाची नीट घडी घातली, ताट फळीवर ठेवलं आणि कमरेवर हात देऊन सुनेपुढे उभी राहिली.

"लबाड हायस. पयल्या नंबरची लबाड. पण ते मालिका लिहिणारे पगार घेऊन जे करतात, त्यापेक्षा तुझी लबाडी बरी. आज जरा लवकर जा. नवऱ्याशी पोटभर बोल, हसायचं तेवढं हस. मग मोहनेला विमानतळावरनं परत आण, नर्सला कात्री दे, नि माझ्या विश्रामला झोप आली होती हे पुन्हा कुणाच्या तोंडून ऐकू येऊ देऊ नको. आणि सुनीलला सांग, नवरा म्हणून काय बोलायचं ते बोल म्हणावं, डॉक्टरकीत नाक खुपसू नको. ते आपण दोघी बघू."