खंड्याची फेरी

"एक तास. हलायचं नाही, बोलायचं नाही, घड्याळ बघायचं नाही. जमलं तर सहलीला तुम्ही. नाही जमलं तर तुमच्या जागी ताई!"

बायकोनं अट घातली आणि तलावाकाठच्या बाकावर बसकण मारली. शेजारी कंट्रोलरसाहेब बसले, म्हणजे नुसते टेकले. तीस वर्षं बस स्टँडवर गाड्या सोडून ते दोनच महिन्यांपूर्वी निवृत्त झाले होते. बायकोच्या आठ दिवसांच्या सहलीतल्या पक्ष्यांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. पण रिकाम्या घरात एकट्यानं राहायला ते मुळीच तयार नव्हते. मागे बायको दोन दिवस ताईकडे, म्हणजे आपल्या बहिणीकडे गेली, तेव्हा त्यांनी सगळी कपाटं चार वेळा आवरली होती.

समोर पाण्यात एक बगळा उभा होता. पाच मिनिटं गेली, दहा गेली. साहेबांचा जीव खालीवर होऊ लागला.

"हा कशाची वाट बघतोय?"

"माशाची. गप्प बसा."

"अगं पण किती वेळ? मागचे खोळंबलेत!"

बगळ्यामागे खरोखरच तीन बदकं रांगेत थांबली होती. आता साहेबांना राहवेना. कुठलीही गाडी फलाटावर रेंगाळली, की पत्र्यावर दोन थापा मारायच्या आणि तिला हाकलायचं, हा तीस वर्षांचा शिरस्ता. हात कधी उठला हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही. लोखंडी बाकावर थापा पडल्या. ठण्! ठण्!

बगळा सुटला, बदकं सुटली, अख्खा तलाव एका दमात रिकामा झाला.

"शाब्बास!" पक्षी दाखवायला आलेले विज्ञानाचे मास्तर कपाळावर हात मारून म्हणाले. "आठ वर्षांत इतकं निवांत पाणी पाहिलं नव्हतं."

"नापास," बायको म्हणाली.

"अगं, सवयीनं झालं गं! पुन्हा पहिल्यापासून मोज. हवं तर सव्वा तास मोज!"

साहेबांनी इतकी गयावया केली, की मास्तरांनाच दया आली. "बसू द्या हो त्यांना," ते म्हणाले. हातांनी पुन्हा आगाऊपणा करू नये म्हणून साहेबांनी आपली लांब छत्री दोन्ही हातांनी पाण्यावर आडवी धरली. थोड्या वेळानं भुर्रकन एक निळाशार खंड्या आला आणि थेट छत्रीच्या टोकावर बसला.

"हलू नका," मास्तर कुजबुजले. "श्वाससुद्धा बेतानं घ्या."

त्याच क्षणी साहेबांच्या पायमोज्यात मुंगी शिरली. नाक हुळहुळू लागलं, हातांना रग लागली.

छत्री जरा धर म्हणून साहेबांनी बायकोला डोळ्यांनीच खुणावलं.

"हललात तर ताई."

तेवढ्यात खंड्यानं पाण्यात सूर मारला. सुटलो एकदाचा, म्हणून साहेब खाजवायला वाकणार, तोच खंड्या मासा घेऊन परत टोकावर हजर. पुन्हा गेला, पुन्हा आला. तिसऱ्या खेपेला साहेब मनातल्या मनात आकडे मोजू लागले. जाऊन-येऊन दोन मिनिटं. पुढची फेरीही दोनच मिनिटांची. वाटेत टंगळमंगळ नाही, फलाट बदलणं नाही. मुंगी कुठवर चढली याचंही त्यांना भान राहिलं नाही. इतका शिस्तीचा कारभार त्यांना अख्ख्या नोकरीत पाहायला मिळाला नव्हता.

"झाला हो सव्वा तास," मास्तर म्हणाले.

"श्शू! याची एक फेरी यायचीय."

घरी आल्यावर साहेब पायमोजे झटकत होते, तर आतून फोनवर बोलणाऱ्या बायकोचा दबका आवाज आला. "ताई, घोळ झाला गं. पास झाले! अगं, एरवी पाच मिनिटं बसत नाहीत, म्हणून तर मुद्दाम ती अट घातली होती. तू भरलेली बॅग उघडू नकोस. उद्या दोन तासांची परीक्षा घेते."

साहेबांना ते फार लागलं. ते तसेच एका पायमोज्यावर दारात जाऊन उभे राहिले. बायकोनं जीभ चावली.

"तुम्ही दोघी खुशाल जा," साहेब म्हणाले. "आठ दिवस मला नाही जमायचं. तलावावर खंड्याच्या फेऱ्या कोण बघणार?"

"म्हणजे? मी नसले तरी चालेल तुम्हाला?" बायकोचा आवाज एकदम चढला. फोनमधून ताई कितीतरी वेळ हॅलो हॅलो करत राहिली.