चरबीची शेपटी

मेणबत्तीचं बोटभर थोटूक.

प्रयोगशाळेतला फ्रीझर जेवणाच्या सुट्टीत बंद पडला.

घरच्या कपाटाचा खालचा खण वर्षानुवर्षं हलला नव्हता.

शेपटी हे एका बाईचं नाव आहे.

नाव बाबांनी ठेवलं. बाबा सुतार. ते रंधा मारायला बसले की ही भुशात, ते खिळे आणायला निघाले की ही चपला घालून दारात. पुढे शेपटी शिकली, बाबा विसरायला लागले, आणि बाबा गेल्यावर शेपटीने संशोधनाला नेमका तोच आजार घेतला.

आईला तिने एकदा समजावलं होतं. मेंदूच्या पेशींत प्रथिनं असतात. त्यातल्या काहींना चरबीची शेपटी जोडलेली असते. तिच्या जोरावर ती पेशीच्या भिंतीला धरून राहतात आणि आपापलं काम करतात. ही जोडणी बिघडली की प्रथिनं जागा सोडून भरकटतात. विसरण्याच्या आजारात याचा हात किती, ते अजून कुणाला नीट ठाऊक नाही.

आईने सगळं ऐकून घेतलं. "आमच्या वेळी चरबी चढली की माणूस ओळख विसरायचा," ती म्हणाली. "तुमच्याकडे उतरली की विसरतो होय?"

तर फ्रीझर बंद पडला. मोठ्या बाईंनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, ज्याने त्याने आपला जीव सांभाळावा असं फर्मान काढलं. शेपटीचा जीव एका डबीत होता. मेणासारखी पांढरी चरबी, पण खूण लावलेली. ती पेशींना खाऊ घालायची आणि मग खुणेचा माग काढत कुठल्या प्रथिनाला शेपटी लागली ते बघायचं. मागवून महिनेच्या महिने वाट पाहिल्यावर हाती आलेली. प्रयोग दुसऱ्याच दिवशी होता. पेशी वाढून तयार होत्या आणि पेशी कुणासाठी खोळंबत नाहीत. शेपटीने डबीवर 'हात लावू नये' असं ठळक लिहिलं, डबी घरच्या फ्रीझरमध्ये बर्फाच्या ट्रेमागे ठेवली आणि उरलेलं सामान हलवायला परत गेली.

संध्याकाळी येऊन बघते तर डबी रिकामी.

"आई, यातलं पांढरं कुठंय?"

"ते मेण? खणाला घासलं."

शेपटीने डबी उलटी करून झटकली.

"तूच म्हणाली होतीस ना, चरबी लागली की काम करायला लागतं."

"चिकटतं म्हणाले होते. चरबीने चिकटतं, आई."

"काहीतरीच. चरबीने सरकतं. विचार बाबांना."

शेपटीने रिकाम्या डबीला झाकण लावलं.

शेपटीने फोनवर मोठ्या बाईंना डबी 'थोडी सांडली' असं कळवलं. सांडलेलं भरून घेता येतं, असं म्हणत मोठ्या बाई खरवडायचं पातं घेऊन स्वतःच हजर झाल्या. जिच्यापुढे अख्खी प्रयोगशाळा चळाचळा कापते, ती बाई कपाटापुढे गुडघे टेकून खणाची कड खरवडू लागली. निघालं ते निम्मं पॉलिश, निम्मी धूळ.

"ही आता चरबी नाही," त्या म्हणाल्या, "फर्निचर आहे."

आणि वैतागून त्यांनी खणाला हिसका दिला. आईने घासून घासून जेमतेम हललेला तो खण सुळकन सबंध बाहेर आला. मोठ्या बाई खण मांडीवर घेऊन फतकल मारून बसल्या.

खणात तीन चष्मे होते. टीव्हीचा रिमोट होता. शेपटीची शाळेतली रिबीन होती. जिच्यापायी आईने शेजारणीशी कायमचा अबोला धरला ती कात्री होती. बाबा शेवटी शेवटी हाताला लागेल ते 'जपून' ठेवत. आणि कोपऱ्यात मेणबत्तीचं थोटूक. अडलेल्या खणांना बाबा घासत तीच मेणबत्ती, अडलेल्या खणात.

आई हसता हसता डोळे पुसू लागली. मोठ्या बाईंनी थोटूक नाकाशी धरलं.

"यातसुद्धा तुझ्या चरबीची भावंडं असतील. पण खूण नाही ना."

"एवढा जीव का काढताय," आई म्हणाली. "मी अर्धंच वापरलं. उरलेलं जपून ठेवलंय."

या घरात जपून ठेवलेली वस्तू परत दिसली म्हणजे पाहुणी आल्यासारखी असे.

"कुठे?" शेपटीने विचारलं.

आई उत्तर देता देता थांबली. कपाळाला आठ्या घालून खणाकडे बघत राहिली. बाबाही असेच थांबायचे. शेपटीला एकदम प्रयोग नको, पेशी नकोत, काही नको असं झालं. आईने फक्त आठवावं. मोठ्या बाई एव्हाना स्वयंपाकघरातले डबे हुंगत होत्या.

आई उठली आणि फ्रीझर उघडून बर्फाच्या ट्रेमागून एक झाकणाची बाटली काढली. जिथलं तिथेच होतं.

"मग डबीत का नाही ठेवलंस?"

"डबीवर हात लावू नये असं लिहिलं होतंस. एकदा लावला तो लावला. पुन्हा कशी लावणार?"

मोठ्या बाईंनी बाटली छातीशी धरली आणि पुढच्या वेळी डबीवर काहीच लिहू नको असं शेपटीला बजावलं. प्रयोग दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे लागला. तेव्हा आई कात्री पदराखाली घेऊन शेजारणीच्या दारात उभी होती आणि बेल वाजवावी की नाही ते ठरवत होती.

शेवटच्या वर्षी बाबा सगळ्यांनाच शेपटी म्हणत. आईला, शेजारणीला, डॉक्टरांनासुद्धा.