चार सिलिंडर आणि खुडूक कोंबडी

"अर्ध्या किकमध्ये सुरू होते! कधीही या!" गंजाडच्या हिरूमास्तरांनी फोनवर ठणकावून सांगितलं आणि लगेच त्यांना घाम फुटला. सबंध नोकरीत वर्गातल्या पोरांनासुद्धा त्यांनी 'गप्प बसा' असं कधी सांगितलं नव्हतं, 'बसता का?' असं विचारलं होतं.

पण विषय गाडीचा होता! चार सिलिंडर, चार कार्बुरेटर, चार सायलेन्सर! ती जुनी जपानी मोटारसायकल डहाणूच्या एका चिकूवाडीवाल्या शेठने परदेशी जाताना मास्तरांना देऊन टाकली होती. मास्तर ती फारशी चालवत नसत, तिचं मॅन्युअल वाचत. रोज! आता मात्र जानीने, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, निकाल दिला होता: येत्या सोमवारी गाडी भंगारवाल्याकडे. आणि नेमका मुंबईचा मनिष, जुन्या गाड्यांचा वेडा, तिला बघायला निघाला होता. सुरतेला अशीच दुसरी होती. जिचा आवाज आवडेल ती तो घरी नेणार होता.

गाडी तयार होती. फक्त सीटवर टोपली होती. टोपलीत अकरा अंडी. अंड्यांवर खुडूक कोंबडी. खाली मुंगूस येतं म्हणून जानीने टोपली अठरा दिवसांपूर्वी तिथं दोरीने बांधली होती. मास्तरांनी तेव्हाच कडाडून विरोध केला होता. मनातल्या मनात.

"जानी, टोपली जरा खाली..."

"बसलेल्या कोंबडीला हलवतात काय? तीन दिस ऱ्हायलेत!"

"मग तशीच किक मारू?"

"आवाज झाला त अंडी नासतील! तुझ्या पुस्तकात नाय लिहिलं?"

खरंच नव्हतं. मास्तरांनी डोळ्यांपुढे अनुक्रमणिकासुद्धा चाळून पाहिली!

जानी पाण्याला जाताच त्यांनी हळूच टोपलीला हात घातला. कोंबडी तपासणीला आलेल्या साहेबासारखी अंगावर आली! मास्तर मागे सरकले ते थेट शेणाच्या पाटीत बसले. त्याच वेळी दारात रिक्षा थांबली. घाबरून त्यांनी टोपलीसकट गाडीवर चादर टाकली.

"वा काका! झाकून ठेवलीय? उद्घाटन मीच करतो!" मनिषने चादर ओढली. कोंबडीने त्याच्या बोटाला कडकडून टोच मारली. पण त्याचं बोटाकडे लक्षच नव्हतं. चार सायलेन्सरांपुढे तो देवळात टेकावेत तसे गुडघे टेकून बसला.

"चारही मूळचे! टाकीवरचा रंग मूळचा! अहो, हा गंजसुद्धा मूळचा! लोक चकचकीत रंग मारून वाट लावतात हो! आता आवाज ऐकवा."

"तीन दिसांनी ऐक," हंडा घेऊन दारात आलेली जानी म्हणाली.

"मावशी, अंड्यांचे पैसे देतो की!"

"अंड्यांचे देशील. आतल्या पिलांना काय सांगू?"

मनिषने घड्याळ पाहिलं. "मग काका, मी सुरतेची बघतो. आवाज ऐकल्याशिवाय मी गाडी घेत नाही."

आता बोलायलाच हवं होतं! मास्तरांनी तोंड उघडलं. जानी थांबली. मनिष थांबला. कोंबडीनेही मान वर केली.

"साहेब... चहा घेणार?"

मनिष निघाला. अंगणाच्या टोकाला पोचला. आणि मागून आवाज आला, "घुर्रर्र... डुगडुगडुगडुग..."

मास्तर डोळे मिटून, कोंबडीला त्रास होऊ नये इतक्या हळू, तोंडाने गाडी चालवत होते! आधी थंड इंजिन. मग पहिला गिअर. मग चारोटीचा सरळ रस्ता! मनिष परत फिरला, त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि कान देऊन ऐकू लागला. बऱ्याच वेळाने गंभीरपणे म्हणाला, "काका, तिसरा सिलिंडर मागे पडतोय."

"गाडीत दोष नाही!" मास्तर गरजले. पाडाभर ऐकू जाईल असे! "माझी दाढ पडल्येय!"

कोंबडी फडफडत थेट कुडावर! जानीने हंडा खाली आपटला.

"मास्तर, आता तूच बस अंड्यांवर!"

मास्तरांनी निमूटपणे दोन्ही तळवे अंड्यांवर धरले. मनिष ओट्यावर टेकून फोनवर सांगत होता, "नाही हो, सुरतेला येत नाही. इथं अजून तीन दिवस लागतील."